माणूस आण

बाईंच्या दारात चपला काढायच्या, आणि गाइडंही काढायची. लक्ष्मीबाई नगरातल्या त्या तळमजल्याच्या क्वार्टरबाहेर शनिवारी दुपारी कोणी आलं असतं, तर पायपुसण्याच्या एका बाजूला आठ-दहा जोड सँडल आणि दुसऱ्या बाजूला तितकीच जाडजूड पुस्तकं दिसली असती. दहा वर्षांचे सोडवलेले पेपर, हमखास येणारे प्रश्न, विज्ञान संपूर्ण एका पुस्तकात. एकदा कॉलनीतल्या कुत्र्याने सँडल सोडून 'हमखास येणारे प्रश्न' पळवलं. ज्याचं होतं तो मुलगा रडकुंडीला आला. बाई म्हणाल्या, "जाऊ दे, त्याला तरी उपयोग होईल."

शाळेत त्यांना सगळे मॅम म्हणायचे, कारण दिल्लीच्या शाळेत दुसरं काही म्हणताच येत नाही. घरी मात्र 'बाई' म्हणायचं, असा दंडक होता. पंजाबी, बंगाली, बिहारी, सगळी पोरं बाई म्हणायची. आमच्या शेजारच्या आंटींना हे कोडं कधी सुटलं नाही. "बेटा, तू हर हफ्ते बाई के घर जाती है? वो तुम्हारे घर नहीं आती?" असं त्यांनी मला काळजीने विचारलं होतं. मी म्हटलं, नाही आंटी, तिथले मटार पण आम्हीच सोलतो. त्यानंतर त्या माझ्या आईकडे फार दयेने बघायला लागल्या.

मटारचं सांगते. त्याआधी बाई कशा दिसायच्या ते सांगते. उंच, काटकुळ्या, आणि हिवाळ्यात साडीवर मिस्टरांचा जुना ऑफिसचा कोट. कोटाच्या उजव्या खिशात खडू, डाव्यात टॉर्चचा बल्ब, तारेचे तुकडे आणि कधी कधी एखादं आवळा सुपारीचं पाकीट. बोलताना हात खिशात घालून जे हाताला लागेल ते बाहेर काढायच्या आणि त्यावरच धडा सुरू करायच्या. सुपारीवरून त्यांनी आम्हाला लाळेतली विकरं शिकवली होती.

बाईंची रिव्हिजन म्हणजे दोन शब्द: माणूस आण. धडा संपला की त्या आमची परीक्षा घ्यायच्याच नाहीत. आम्ही तो धडा घरी, दारी, कोणाला तरी शिकवायचा आणि त्या माणसाला बाईंकडे घेऊन यायचं. परीक्षा त्याची. तो पास तर आपण पास. तो गडबडला तर दोष आपला, परत शिकवा. माणूस कोणीही चाले, फक्त त्याला तो विषय आधीपासून येता कामा नये. "कोरा आण हं," असं त्या बजावायच्या, वाण्याकडे कोरा कागद मागावा तसं.

वेताच्या खुर्चीवर तो माणूस, समोर बाई, आणि ज्याने शिकवलं तो आत स्वयंपाकघरात मटार सोलत. दार उघडं. ऐकायचं सगळं, पण बोलायचं नाही आणि बाहेर यायचं नाही. फी बिल्कुल नव्हती, मटार हीच फी. दिल्लीत थंडी पडली की बाजारात मटारचे ढीग लागतात आणि प्री-बोर्डही तेव्हाच येतात, त्यामुळे बाईंचे मिस्टर तीन महिने मटार उसळ, मटार भात आणि मटार करंजी खाऊन दिवस काढायचे. आपल्या माणसाने बाहेर यकृताच्या जागी मूत्रपिंड म्हटलं, की आत आपल्या हातातली शेंग तशीच राहायची.

दर परीक्षेला एक चतकोर कागद भरायचा असे. त्यावर तीनच ओळी. कोणता धडा, कोणाला शिकवला, आणि त्याने काय विचारलं. तिसऱ्या ओळीत आम्ही सगळे अभिमानाने लिहायचो, 'काही नाही, सगळं समजलं.' बाई त्याभोवती लाल पेनने एक गोल काढायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. आम्हाला वाटायचं, शाबासकी आहे.

काय एकेक माणसं यायची त्या खुर्चीवर. कॅन्टोन्मेंटमधल्या एका मुलाने वडिलांना आणलं होतं. सुभेदार, साताऱ्याकडचे, झुबकेदार मिशा. खुर्चीत बसायलाच तयार नव्हते, उभ्याने परीक्षा दिली.

"पान हिरवं का असतं?"

"हरितद्रव्यामुळं, बाई."

"आणि रात्री ते अन्न का बनवत नाही?"

सुभेदारांनी क्षणभर विचार केला. "रात्री लाइट आउट असतंय, बाई."

बाईंनी पूर्ण मार्क दिले. एका बंगाली मुलीची आजी मात्र दुसऱ्याच प्रश्नाला खुर्चीत झोपली. बाईंनी तिच्या अंगावर शाल घातली आणि आत येऊन हळूच विचारलं, "शिकवतानाही झोपल्या होत्या ना?" मुलीने मान खाली घातली. पुढचे पंधरा दिवस ती आजीला दुपारच्या ऐवजी सकाळी शिकवत होती.

आणि एक होता प्रेसवाला. कॉलनीच्या कोपऱ्यावर कडुनिंबाखाली त्याचं टेबल, त्यावर कोळशाची इस्त्री. हसतमुख, चौथी शिकलेला, कोणाला नाही न म्हणणारा. त्यामुळे ज्याला घरी कोणी दाद देत नसे तो प्रेसवाल्याला शिकवायचा. अशी अकरा वर्षं गेली. दर वर्षी सात-आठ पोरं, दर पोराचे पाच-सहा धडे. प्रेसवाल्याला दहावीचं विज्ञान तोंडपाठ झालं. पोरं नुसती जाऊन सांगायची, "भैया, ज़रा बाई के यहाँ चलना है." तो इस्त्री बाजूला ठेवून हात पुसायचा आणि विचारायचा, "कौन सा चैप्टर?" शिकवायची गरजच उरली नव्हती. उलट एका मुलाला त्यानेच रस्त्यात सांगितलं म्हणे, की तू उत्तल आणि अवतल, म्हणजे बहिर्वक्र आणि अंतर्वक्र भिंग, उलटं लिहिलं आहेस.

बाईंच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी त्याच्यावर बंदी घातली. कडुनिंबाखाली स्वतः जाऊन सांगून आल्या. आम्हाला म्हणाल्या, "तो आता माणूस राहिला नाही. गाइड झालाय." प्रेसवाल्याला वाईट वाटलं. पण बाई कपडे त्याच्याकडेच द्यायच्या, आणि तोही बाईंच्या साड्या दुसऱ्यांच्या आधी करायचा.

आता माझं. दहावीच्या सहामाहीत मला सायन्समध्ये ऐंशीपैकी एकतीस पडले. माझे वडील मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. त्यांनी मार्कशीट दोन्ही बाजूंनी वाचली, मागची बाजू कोरी होती तरी, आणि म्हणाले, "अकरावीला कॉमर्स घे. सायन्स तुझ्याच्याने होणार नाही." संपलं. बाबांचा निर्णय म्हणजे सही झालेली फाइल, ती परत उघडत नसे. मला सायन्सच हवं होतं. मार्क नव्हते, पण हौस दांडगी होती. बाईंनी खिशातली तार होकायंत्रावर धरून सुई हलवून दाखवली होती, तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी दोन दिवस रडले आणि तिसऱ्या दिवशी मटार सोलता सोलता बाईंपुढे पुन्हा रडले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाबांना विजेचं काही येतं?"

"बिल्कुल नाही. घरातला फ्यूज आईच बदलते."

"म्हणजे कोरे आहेत. त्यांना आण."

मी म्हटलं, ते नाही येणार. तर बाई तशाच, कोट घालून, दोन जिने चढून त्याच इमारतीतल्या आमच्या घरी आल्या. बाबा पेपर वाचत होते.

"अहो, मुलीला सायन्स झेपणार नाही म्हणता. कशावरून?"

"मार्कांवरून, बाई."

"ते मार्क शाळेचे. माझं एक ऐका. ती तुम्हाला विजेचा धडा शिकवेल. मी तुमची परीक्षा घेईन. पास झालात तर फॉर्मवर सायन्स लिहायचं. नापास झालात तर कॉमर्स, मी परत तोंड उघडणार नाही."

"कळवतो," बाबा म्हणाले.

"कळवता काय, हो म्हणा," आई आतून म्हणाली. त्यामुळे ते हो म्हणाले.

बाबांना शिकवणं सोपं नव्हतं. रोज ऑफिसातून आल्यावर चहा घेऊन ते जेवणाच्या टेबलाशी बसायचे, हातात हिरवं पेन. माझ्या वहीच्या समासात शेरे मारायचे. 'कारण नमूद नाही.' 'मागील पानाशी विसंगत.' एका आकृतीखाली त्यांनी 'कृपया चर्चा करावी' असं लिहिलं आणि चर्चा केलीच नाही. मी विचारायचे, "समजलं का बाबा?" ते म्हणायचे, "पुढे चल." करंट म्हणजे काय? पुढे चल. व्होल्टेज? पुढे चल. आठ दिवसांत धडा संपला आणि मला वाटलं, बाबा काय हुशार आहेत.

त्याच आठवड्यात त्यांना इस्त्रीचं वेड लागलं. आयुष्यात कधी कपडे खाली न नेलेला माणूस रोज संध्याकाळी दोन शर्ट काखोटीला मारून कोपऱ्यावर जायचा आणि अर्ध्या तासाने परतायचा. "अहो, याची तर घडीसुद्धा मोडली नव्हती," आई म्हणाली. बाबा म्हणाले, "कॉलर नीट नव्हती." मलाही काही संशय आला नाही, कारण मी मनातल्या मनात अकरावीच्या लॅबचा पांढरा कोट शिवून घेत होते.

शनिवारी बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून वेताच्या खुर्चीवर बसले. मी आत, पुढ्यात किलोभर मटार. बाईंनी विचारलं, "तार बारीक केली तर रेझिस्टन्स का वाढतो?"

बाबा घसा साफ करून म्हणाले, "बारीक तार म्हणजे तंग गली. करोल बागेत हॉर्नच्या दुकानांच्या मागे असते ना, तशी. गर्दी तीच, गली तंग. मग धक्काबुक्की होते आणि सगळे गरम होतात."

इतकं सुंदर उत्तर. पण मी हे त्यांना शिकवलंच नव्हतं. माझ्या वहीत ना गली होती ना करोल बाग. मग बाईंचा आवाज आला, "करोल बागेत तुम्ही शेवटचे कधी गेला होतात?"

बाबा करोल बागेत कधी गेलेच नव्हते. गाडीच्या सामानाच्या दुकानांशी त्यांचा काय संबंध, आमच्याकडे स्कूटरसुद्धा नव्हती.

"हॉर्नवाल्यांच्या मागची ही गली मी अकरा वर्षं ऐकतेय," बाई म्हणाल्या. "प्रेसवाल्याचा मेहुणा राहतो तिथे. ही कॉपी झाली. कॉपी झाली की परीक्षा रद्द. पुढच्या शनिवारी परत या."

बाई तशाच कोपऱ्यावर गेल्या आणि त्यांनी प्रेसवाल्याला जाब विचारला, तर तो हात जोडून म्हणाला, "मैडम जी, साहब ने कहा था किसी को बताना मत."

जिना चढताना मला इतका राग आला होता की पायऱ्या दिसत नव्हत्या. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही कॉपी केलीत." माझ्या वडिलांशी मी असं आधी कधी बोलले नव्हते. ते पहिल्या मजल्यावर थांबले. कठड्याला हात धरून म्हणाले, "हो."

मग म्हणाले, "तू शिकवलंस ते मला पहिल्या दिवसापासून समजलं नव्हतं. विचारायची लाज वाटली. मी नापास झालो की तुझं सायन्स जाणार, हे डोक्यात बसलं. म्हणून गेलो त्याच्याकडे."

ते एक पायरी चढले आणि पुन्हा थांबले.

"मी दहावीला सायन्समध्ये दोनदा बसलोय. तुझ्या आईलाही माहीत नाही. तुझे एकतीस बघितले आणि वाटलं, पोरगी माझ्यावर गेली. मी जे भोगलं ते तुला नको, म्हणून कॉमर्स म्हटलं. तू कमी आहेस असं नाही वाटलं मला."

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी इतकं वाईट वाटलं की मी त्यांच्या हातातली कोऱ्या कागदाची फाइल उगाचच माझ्या हातात घेतली. परीक्षेला कोणी फाइल घेऊन जातं का? पण ते गेले होते.

दुसरा आठवडा वेगळा गेला. मी बाईंकडून बल्ब, सेल आणि तारा आणल्या आणि करंट म्हणजे काय इथपासून सुरू केलं. बाबा आता पुढे चल म्हणत नव्हते. "थांब," म्हणायचे. एका पानाला दोन-दोन दिवस लागले. तेव्हा मला शोध लागला, की त्या पानावरचं मलाही येत नव्हतं, मला ते फक्त पाठ होतं. शुक्रवारी बाबा म्हणाले, "एक गोष्ट बसत नाहीये. पण जाऊ दे." मी विचारलं काय, तर म्हणाले, "जाऊ दे, मूर्खपणाचं आहे."

शनिवारी पहिलं उत्तर बरोबर आलं. दुसऱ्याला बाबांनी अ‍ॅमीटर समांतर जोडला. चूक. मी आत कपाळावर हात मारला आणि मटारचे दाणे फरशीभर झाले. बाईंनी तिसरा प्रश्न विचारला, "बल्बमध्ये जाताना करंट किती आणि बल्बमधून बाहेर येताना किती?"

"सारखाच."

"बरोबर. झालं."

बाबा उठले नाहीत. खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत राहिले.

"बाई, एक विचारू? हे मला पटत नाही. आवक जितकी तितकीच जावक. मग बल्बने मधे केलं काय? आमच्या सेक्शनमध्ये कोणी असं दाखवलं तर त्याची चौकशी लागेल."

बाई स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागल्या. मी नियम मोडून बाहेर आले, दोन्ही मुठींत शेंगा. उत्तर पुस्तकात होतं, शब्द आठवत होते, पण ते शब्द बाबांना सांगून काही उपयोग नव्हता. बाबा माझ्याकडे बघत होते, मार्कशीट बघताना बघितलं होतं तसं नाही, खरंच उत्तर हवं असल्यासारखं.

"बाबा, तुमच्याकडे सकाळी शिपाई किती येतात?"

"चार."

"आणि परत किती जातात?"

"चारच. ते काय आमच्याकडे मुक्कामाला येतात?"

"म्हणजे शिपाई संपत नाहीत. पण येताना त्यांच्या हातात काय असतं?"

"फाइली."

"आणि जाताना?"

बाबांची बोटं थांबली. "रिकाम्या हाताने जातात," ते सावकाश म्हणाले. "म्हणजे करंट शिपाई. आणि फाइली..."

"ऊर्जा. ती बल्बपाशी राहते, तिचाच उजेड होतो. शिपाई परत बॅटरीकडे जातात, नवीन फाइली आणायला."

"बॅटरी म्हणजे आमचं डाक सेक्शन." बाबा पुढे सरकून बसले होते. "मग बॅटरी संपली म्हणजे?"

"पाठवायला फाइली उरल्या नाहीत."

"तो दिवस आमच्याकडे कधी आला नाही," बाबा म्हणाले.

बाई हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं, एक दात थोडा पुढे होता. "पास," त्या म्हणाल्या.

"पण माझं एक चुकलं ना?" बाबांना नियमबाह्य काही चालत नसे.

"मी उत्तरासाठी पास करतच नाही हो." बाईंनी चतकोर कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. त्याने काय विचारलं. "इतकी वर्षं पोरं इथे 'काही नाही' लिहितात आणि मी गोल काढते. समजलं असतं तर विचारलं असतं. प्रेसवाल्यालाही मी म्हणूनच काढला. त्याला सगळं येत होतं म्हणून नाही, तो काही विचारेनासा झाला होता."

बाबांनी आपला प्रश्न सुवाच्य अक्षरात लिहिला आणि सवयीने खाली सही करून तारीख टाकली. अकरावीच्या फॉर्मवर विज्ञान शाखा लिहितानाही त्यांनी तीच सही केली. समासात शेरा मारला नाही.

आता मी गाझियाबादच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. आमच्याकडे रिव्हिजनसाठी स्लाइड आहेत, व्हिडिओ आहेत, फोनवर पटापट उत्तरं द्यायची क्विझ आहे. मी ते सगळं मन लावून बनवते. बाई आता मुलाकडे नोएडाला सतराव्या मजल्यावर असतात. मध्यंतरी मी त्यांना माझ्या विजेच्या धड्याच्या स्लाइड पाठवल्या. त्यांचं उत्तर आलं, "रंग छान आहेत. माणूस कुठे आहे?" म्हणून मी चतकोर कागद पुन्हा छापून घेतले, तीन ओळींचे.

बाबा रिटायर होऊन माझ्याकडेच राहतात, आणि तिथेच घोटाळा झाला. सोसायटीतल्या पोरांना पत्ता लागला, की मॅमच्या बाबांना शिकवलं की पास होतो. आता दर शनिवारी आमच्या बाल्कनीत रांग असते. गेल्या महिन्यात मी बाबांना सांगितलं, "बाबा, तुम्ही आता कोरे राहिला नाहीत. तुम्हाला बंद करावं लागेल." त्यांनी दुपारचा चहा घेतला नाही. मला चैन पडेना. शेवटी मी बाईंना फोन लावला आणि विचारलं, काय करू.

बाईंचा आवाज बारीक झालाय, पण प्रश्न तसाच सरळ. "विचारतात का अजून?"

मी उत्तर द्यायच्या आधीच बाल्कनीतून बाबांचा आवाज आला. समोर नववीतली एक मुलगी भराभरा पानं उलटत होती, आणि माझे वडील, हातात हिरवं पेन, तिला म्हणत होते, "थांब, थांब. पुढे जाऊ नकोस. हे मला समजलं नाही."

मी फोन बाल्कनीकडे धरला.

"ऐकलं," बाई म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी त्यांना इकडे घेऊन ये. मी मटार आणून ठेवते."